मशीन थोरल्याचं, कर्णे धाकट्याचे

"आप्पांना मशीन पाहिजे," सन्मती दारातूनच म्हणाला. "एकदा ऐकायचंय म्हणाले. मला न्यायला पाठवलंय."

आण्णा, म्हणजे माझे वडील, पुढच्या खोलीत कुणाच्या तरी रेडिओचं पोट उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी गवारी मोडत होते, ती तशीच परातीत टाकली. सन्मती म्हणजे माझ्या धनपालकाकांचा मुलगा. आमच्या दारात तो बारा-तेरा वर्षांनी उभा होता. गेला तेव्हा अर्ध्या चड्डीत होता, आता मिशा फुटून आला होता.

"आत ये की," मी म्हटलं. "दारात उभं राहून निरोप द्यायला तू पोस्टमन आहेस का?"

तो आत आला, पण खुर्चीच्या कडेवर टेकला. काकांच्या, म्हणजे त्याच्या आप्पांच्या, फुप्फुसांत काही राहिलं नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, घरी न्या आणि जवळ बसा. आवाज इतका खोल गेला होता की तोंडाला कान लावल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. आणि सकाळपासून एकच धोशा, मशीन आणा.

आण्णांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "माझं नाव काढलं का त्यानं?"

दुसरा कुणी असता तर खोटं बोलून मोकळा झाला असता. सन्मती पडला सरळ पोरगा. "न्हाई आण्णा. नुसतं मशीन म्हणाले."

"मग मशीनच ने," आण्णा म्हणाले आणि पुन्हा रेडिओत डोकं घातलं.

मी जात्याच तोंडाळ. आई गेल्यावर आण्णांना उलट बोलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून जीभ आणखी चढली होती. पण त्या वेळी जिभेआधी हात चालला. मरायला टेकलेला सख्खा भाऊ दहा मैलांवर, आणि हा माणूस दुसऱ्याच्या रेडिओची धूळ फुंकत बसलेला. मला इतका संताप आला की परातीतली एक शेंग उचलून मी चुरगाळून टाकली.

मशीन म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. आमचा तंबूचा सिनेमा होता, पद्मा टुरिंग टॉकीज. पद्मा म्हणजे माझी आजी. दिवाळी झाली की आण्णा आणि काका तंबू घेऊन बाहेर पडायचे ते मिरगापर्यंत जत्रा करत फिरायचे. तंबूतला आवाज ज्याच्यातून निघायचा तो अ‍ॅम्प्लिफायर आण्णांनी स्वतःच्या हातानं बांधला होता. काचेचे व्हॉल्व्ह, वजनाला पाट्यासारखा, आणि ताकद म्हणाल तर फक्त आठ वॅट. आज भजनी मंडळालासुद्धा त्याच्या दहापट लागते. पण त्याच्यापुढं जोडलेले होते दोन कर्णे. मोडीत निघालेल्या एका जुन्या थेटरातून आण्णांनी ते आणले होते. पुरुषभर उंचीच्या लाकडी पेट्या आणि त्यांवर रुंद तोंडाचे पत्र्याचे कर्णे.

"कर्णा हलक्या कानाचा आहे," आण्णा म्हणायचे. "मशीन जरा कुजबुजलं तरी ह्यो गावभर करतो."

आणि खरंच करायचा. तंबूच्या दोरीपाशी बसलेल्या शेवटच्या म्हातारीला पडद्यावरच्या बाईचा उसासा ऐकू यायचा. आवाज वाढवायला मशीनचा कान पिळायची कधी गरज पडली नाही.

आण्णा मागं मशीनपाशी आणि काका पुढं, पडद्याजवळ, कर्ण्यांपाशी. खेळाआधी आण्णा मशीन चालू करायचे, व्हॉल्व्ह लाल व्हायचे आणि कर्ण्यांतून बारीक घुं उमटायची. ती फक्त अगदी जवळ उभ्या माणसाला ऐकू येते. काका एका कर्ण्याला कान लावायचे, मग दुसऱ्याला, आणि दोन्हींकडं सारखं आहे असं पटलं की हात वर करायचे. तो हात दिसल्याशिवाय आण्णा खेळ सुरू करायचे नाहीत. खेळ संपल्यावरही तेच. माणसं पांगली, पुढचं सगळं जागच्या जागी आहे, असं बघून काका हात करायचे, मगच आण्णा बटण खाली करायचे. तंबूच्या दोन टोकांना दोघं भाऊ, पण एकमेकांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. बोलायची त्यांना सवयच नव्हती.

मग घराघरांत टीव्ही आले, तंबूत बसायला भिकारीसुद्धा मिळेना, आणि प्रोजेक्टर विकावा लागला. काका म्हणाले, मोठा ट्रान्झिस्टरवाला अ‍ॅम्प्लिफायर घेऊ, लग्नं-वराती करू. आण्णा म्हणाले, त्या कर्ण्यांना असलं धटिंगण जोडायचं नाही. शब्दाला शब्द लागला. इतकी वर्षं न बोललेलं सगळं दोघं महिनाभरात बोलून मोकळे झाले, आणि गोष्ट वाटणीवर आली.

आमच्याकडं वाटणीची रीत अशी, थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरला हातचं राखत नाही. आण्णांनी अंगणात दोन वाटे मांडले. एका बाजूला मशीन आणि जनरेटर. दुसऱ्या बाजूला कर्णे, पडदा, तंबूचं कापड आणि तबकड्यांचा प्लेअर. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. जात्याचा खालचा दगड एकाला द्यावा आणि वरचा दुसऱ्याला, तसली ही वाटणी. आण्णांनी रागानं जोडी फोडली, असंच सगळे म्हणाले. मीही म्हणाले. काका बराच वेळ दोन वाट्यांच्या मधे उभे राहिले. मग त्यांनी एका कर्ण्यावर हात ठेवला, सगळं ट्रॉलीत घातलं आणि काकू-पोरांसकट कुरुंदवाडला सासुरवाडीला निघून गेले.

पुढं आण्णांनी मशीनला नवे बॉक्स स्पीकर जोडून बघितले. असल्या स्पीकरांना ताकद लागते, आठ वॅटनं ते जागचे हलत नाहीत. गोधडीत तोंड घालून कुणी गातंय असा आवाज आला, आणि वाढवायला गेले तर फाटला. तिकडं काकांनी कर्ण्यांना मोठा अ‍ॅम्प्लिफायर जोडल्याचं कानावर आलं. गाणं लागायच्या आधीच कर्ण्यांतून अशी स्स सुटली म्हणे, की मांडवातली माणसं स्टोव्ह भडकला समजून उठली. कोण कुणाशिवाय अडलंय ते आंधळ्यालाही दिसत होतं. दोघांनी आपापली वस्तू चादरीखाली झाकली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ मी इतकी वर्षं घरात बसून बघत होते.

तर त्या दुपारी आण्णांनी चादर काढली. सन्मतीला रिक्षा आणायला पाठवलं, एकेक व्हॉल्व्ह उपसून जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळला आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवला.

"आधी कर्ण्यांच्या वायरी जोडायच्या," ते मला म्हणाले. "मग वीज. पुढं कर्णा नसताना हे चालू केलं तर आतला ट्रान्सफॉर्मर जळून जातो. आणि चालू असताना वायर ओढायची न्हाई. ध्यानात ठेव."

"मला कशाला सांगताय? तुम्हीच चला."

"मला कुणी बोलावलंय?"

"आण्णा, तो माणूस चाललाय."

"ठाऊक हाय मला." त्यांचा हात थांबला. "मी थोरला. त्यानं एकदा ‘दादा, ये’ म्हणू दे. अनवाणी जाईन."

"आणि तेवढं म्हणायला त्याला दम पुरला नाही तर?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी शेवटचा व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला.

"ह्यो डावीकडचा. अदलाबदल करू नको."

कुरुंदवाडला काकूनं दारातच माझा हात धरला. "ये गं बाई," एवढंच म्हणाली आणि आत घेऊन गेली. पुढची खोली अर्धी कर्ण्यांनीच भरली होती. दोन पेट्या भिंतीला लावलेल्या, आणि त्यांच्या मधल्या फटीत कसाबसा बसवलेला काकांचा पलंग. लाकूड असं तुकतुकीत की त्यात खिडकी दिसत होती.

"पोरं म्हणून म्हणून दमली, अडगळ काढा," काकू म्हणाली. "ऐकतील तर शपथ. दर दिवाळीला आधी त्यास्नी तेल, मग स्वतःला."

काका पलंगावर लहान पोराएवढे उरले होते. मी वाकले.

"राजमती," ते म्हणाले. ओठ हलले म्हणून कळलं. "लई मोठी झालीस." आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडं गेली. तिथंच राहिली.

"रिक्षावाला आहे काका. सामान आणतोय," मी म्हटलं, आणि ते कशाकडं बघतायत हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते.

आम्ही मशीन खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर ठेवलं. व्हॉल्व्ह बसवले, कर्ण्यांच्या आणि तबकड्यांच्या प्लेअरच्या वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. काचांत हळूहळू लाली आली. मग कर्ण्यांतून ती घुं उमटली. सन्मती तबकडीवर सुई टेकवणार तेवढ्यात काकांनी डोळ्यांनीच त्याला थांबवलं. डावीकडं कान दिला, मान फिरवून उजवीकडं कान दिला. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. मग उशीवरून त्यांनी हात वर केला. कोपरापर्यंतच उचलला गेला, पण केला.

खेळाआधी आमच्या तंबूत सनईची एक तबकडी लागायची. ती ऐकून आसपासच्या वाड्यावस्त्यांना कळायचं, आता निघायला पाहिजे. तीच सन्मतीनं लावली. आवाजाचं बटण एका आकड्याच्या पुढं गेलं नव्हतं, आणि सनई अशी खोलीत येऊन उभी राहिली की वाजवणाऱ्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. कानाला कुठं टोचत नव्हतं. गल्लीतली माणसं दारापाशी येऊन चप्पल काढून थांबली. काकू तोंडात पदर धरून खाली बसली. नवी नवरी असताना तिनं ही सनई पडद्यामागं बसून ऐकली होती, तेव्हापासून आजच. मला रडू फुटलं, आणि त्यात निम्मा रागच होता.

तबकडी संपली. काकांचे ओठ हलले. मी कान नेला.

"मशीनपाशी कोण हाय?"

"सन्मती आहे काका."

"दादा?"

"आले नाहीत."

त्यांनी डोळे मिटले. मला राहवलं नाही. असल्या वेळी विचारू नये ते मी विचारलं. "काका, पहिली उचल तुमची होती. कर्णे का घेतलेत? मशीन घेतलं असतं तर निदान दुसरे कर्णे कुठं तरी मिळाले असते."

ते तुटक तुटक बोलले, मधे मधे श्वास गोळा करत. मी सलग सांगते. "मशीन त्यानं हातानं बांधलेलं. ते उचललं असतं तर त्याचे हात तोडून नेल्यासारखं झालं असतं. आणि म्हटलं, कर्ण्यांबिगर मशीन मुकं. चार दिवसांत येईल मागायला. मी लगेच देणार हुतो. उचलून न्यायला पेटीला दोरसुद्धा बांधून ठेवला हुता."

"मग आज तरी त्यांनाच बोलवायचं. नुसतं मशीन काय मागितलंत?"

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं. "धाकट्यानं थोरल्याला ‘ये’ म्हणायचं का? मशीन मागितलं. तो कधी मशीन दुसऱ्याच्या हातात देत न्हवता. म्हटलं, मशीनमागनं येईलच."

डावा-उजवा व्हॉल्व्ह समजावत आण्णांनी ते मशीन माझ्या हाती दिलं होतं, आणि मी ते उचलून आणलं होतं.

मी उठले. सन्मती मशीन बंद करायला वाकला, तर काकांची मान जोरात हलली. मी पुन्हा कान नेला.

"चालू दे. बंद दादा करंल."

मी त्याच रिक्षानं माघारी फिरले. जयसिंगपूरला घरी पोचले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं, आण्णा स्वतःच वाढून घेऊन पाटावर बसले होते. मी पाय न धुताच समोर जाऊन बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. दोर बांधून ठेवल्याचं, मशीन का मागितलं त्याचं, सगळं. आण्णांच्या हातातला घास तसाच राहिला.

"आता एकदा सांगून टाका," मी म्हटलं. "का फोडलीत जोडी?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "फोडली कुठं," ते म्हणाले. "बांधली. मशीन-कर्णे एका वाट्यात घातले असते तर एकजण सगळा धंदा घेऊन गेला असता. मग एकमेकांचं तोंड बघायला कारण काय उरलं असतं? म्हटलं, अर्धं त्याच्याकडं, अर्धं माझ्याकडं. एकमेकांबिगर कुणाचंच चालायचं न्हाई. चार दिवसांत येईल."

"तोही हेच म्हणत बसला. तो नाही आला, तर तुम्ही जायचं होतं."

"मी थोरला..." आण्णा म्हणाले. कधी ताटात हात न धुणारा माणूस ताटातच हात धुवून उठला. "रिक्षा थांबव."

शिरोळ मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "हात केला का त्यानं?"

"केला."

"दोन्ही कर्णे सारखे हुते?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"त्याला कळतंय," ते म्हणाले आणि धोतराचा सोगा आवरून जरा पुढं सरकून बसले. रिक्षावाल्याला दोनदा म्हणाले, नेट लाव की बाबा. उसाच्या गाड्या आडव्या येत होत्या आणि दर वेळी त्यांचा हात माझ्या हातावर येत होता.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. उतरलो तर काकांच्या घराकडं सगळं शांत होतं, इतकं शांत की उघड्या दारातून कर्ण्यांची ती घुं अंगणापर्यंत ऐकू येत होती. आण्णांचा चेहरा उजळला. तसा मी तो पुन्हा कधी बघितला नाही.

"चालू हाय," ते म्हणाले. "बंद केलं न्हाई त्यानं. वाट बघतोय." आणि झपाझप पुढं निघाले.

मला त्यांच्या आधी दिसलं. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता, आणि माणसं भिंतीला धरून उभी होती. काकू उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसली होती. तिनं आण्णांना बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आत्ताच गेले, भावजी," ती म्हणाली. "दाराकडंच बघत हुते. मशीन बंद करू दिलं न्हाई. आणि मागनं बंद करायला कुणाचा हात होईना."

काकांना खाली घेतलं होतं, दोन्ही कर्ण्यांच्या मधे. आण्णा त्यांच्याकडं गेले नाहीत. ते मशीनपाशी जाऊन स्टुलाशेजारी बसले, सवयीनं. काचांतली लाली त्यांच्या बोटांवर पडली. त्यांनी बटणावर हात ठेवला आणि मान वर करून पुढं बघितलं, कर्ण्यांकडं. बघत राहिले. खोलीतल्या कुणाला काही कळेना. मला कळलं, ते काकांच्या हाताची वाट बघत होते.

"आण्णा, मी वायर काढू का?" सन्मतीनं दारातून हळू विचारलं.

आण्णांनी मान हलवली. मग ते उठले, माणसांतून वाट काढत पुढं गेले. डाव्या कर्ण्यापाशी वाकून त्यांनी कान लावला. तिथून उजव्यापाशी गेले, कान लावला. पायाशी भाऊ निजलेला. आणि जसे तंबूत काका करायचे तसा आण्णांनी हात वर केला, थेट डोक्याच्या वर, मागच्या माणसाला दिसावा असा.

मशीनपाशी कुणीच नव्हतं.

ते तसेच हात वर करून उभे राहिले. मी गेले, त्यांच्या जागेवर बसले आणि बटण खाली केलं. घुं थांबली. कर्ण्यांत थोडा वेळ बारीकशी सळसळ राहिली, मग तीही गेली. व्हॉल्व्हची लाली मात्र सावकाश उतरत होती. ती पुरती विझेपर्यंत आण्णांनी हात खाली घेतला नाही. मग ते काकांच्या उशाशी खाली बसले, त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "धनपाल, मी आलोय रे."